धुरजड आणि उलाळ

वेगाची आवड नाहीं असा मुलगा आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं. शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणजे फाटकापर्यंत पहिला कोण पोंचतो, ही शर्यत प्रत्येक शाळेंत रोज होते, व तिला ना पंच लागतो ना बक्षीस. तेव्हां वेगाविरुद्ध उपदेश करण्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. तसा उपदेश आम्हांसहि पुष्कळ मिळाला होता, आणि त्याचा उपयोग किती झाला तें पुढें दिसेलच. गाडी जागची हलते त्या पहिल्या क्षणांत तिच्या चार चाकांवर काय गुजरतें, एवढी एकच गोष्ट आम्ही थोड्याबहुत कष्टानें शिकलों. ती आमच्या शाळेच्या वार्षिकाच्या वाचकांस सांगावी, इतकाच हेतु आहे.

आमचें मूळ गांव फुलंब्रीच्या बाजूस. लहानपणीं दिवाळीच्या सुटींत आम्ही तेथें जात असूं. आमच्या चुलत्यांची, ज्यांस घरांत सर्वजण नाना म्हणत, बैलगाडी होती व माल नेतांना ते आम्हांस बरोबर घेत. पोतीं गाडींत कशींहि टाकलेलीं त्यांस खपत नसे. भार पुढें अधिक झाला तर गाडी धुरजड होते, म्हणजे जूं बैलांच्या मानेवर बसतें व बैल लवकर थकतात. भार मागें अधिक झाला तर ती उलाळ होते, म्हणजे जूं वर उचललें जाऊन गळ्याखालचा पट्टा बैलांस आवळतो आणि त्यांच्या पायांचा जोर जमिनीस पोंचत नाहीं. चढ लागला कीं नाना एक पोतें पुढें ओढीत. उतार लागला कीं तेंच मागें ढकलीत. "बैल तेच, गाडी तीच, माल तोच, पण पोतें कोठें ठेवलें त्यावर सगळें," असें ते म्हणत. आम्ही तेव्हां पोत्यांवर बसून ऊंस खाण्यांत गुंतलेलों असूं. हें वाक्य पुढें वीस वर्षांनीं आपल्या उपयोगीं पडणार आहे, याची आम्हांस कल्पना नव्हती.

नाना तरुणपणीं शंकरपटांतहि गाडी पळवीत. शंकरपट म्हणजे सरळ रेषेंतील धांव. वळण नाहीं, फेरी नाहीं. सुटल्यापासून शेवटच्या खुणेपर्यंत कांहीं क्षणांचा खेळ. या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानें 7 मे 2014 रोजीं मनाई केली. 2017 सालीं राज्यानें कायद्यांत दुरुस्ती केली. डिसेंबर 2021 मध्यें अटींवर परवानगी मिळाली व 18 मे 2023 रोजीं घटनापीठानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच, कीं मोटारींची 'ड्रॅग' शर्यत जेव्हां आम्हीं प्रथम ऐकली, तेव्हां ती आम्हांस परकी वाटली नाहीं. हा तर मोटारींचा शंकरपट, असें आमच्या मनांत आलें.

ही शर्यत अमेरिकेंत वाढली. कॅलिफोर्नियांतील सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर 1950 सालीं ती रीतसर भरूं लागली, व पुढच्याच वर्षीं तेथें या खेळाची राष्ट्रीय संघटना निघाली. तिचें अंतर पाव मैल, म्हणजे सुमारें 402 मीटर. दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि जी आधीं पोंचते ती जिंकते. आपल्या महाराष्ट्रांत लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. पाहणाऱ्यास वाटतें कीं हा केवळ इंजिनाचा खेळ आहे. आम्हांसहि तसेंच वाटलें, आणि आमची चूक तेथेंच झाली.

आमचें शहर, जें आतां छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखलें जातें, तें आमच्या बालपणींच मोटारींचें व दुचाकींचें शहर होऊं लागलें होतें. 1985 सालीं बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना सुरू झाला व त्याच्या आजूबाजूस सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. पुढें 2001 सालीं शेंद्र्यास स्कोडाच्या मोटारी जुळूं लागल्या. आमचे वडील वाळूजच्या अशाच एका कारखान्यांत दुचाकींचे शॉक ॲब्सॉर्बर तपासण्याचें काम करीत. गॅरेजांत त्यास सर्वजण 'शॉकअप' म्हणतात. वडिलांस तो शब्द मुळींच आवडत नसे. ते मितभाषी होते. घरीं आल्यावर त्यांच्या हातांस तेलाचा वास येई व ते हात दोनदां धुऊन मगच जेवावयास बसत.

त्यांच्यापाशीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी ही गाडी मुळांत इटलीच्या फियाटची. इंजिन 1089 घनसेंटिमीटरचें, शक्ति चाळीस अश्वांच्या आसपास, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. पुढच्या चाकांस गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागच्या आंसास लोखंडी पाट्यांच्या कमानी, आणि जोर मागच्या चाकांस. वडिलांनीं ती जुनीच विकत घेतली होती, पण तिच्यावर त्यांचा जीव होता.

2011 सालीं आमचे धाकटे बंधु कॉलेजांत होते व आम्हीं नुकतीच नोकरी धरली होती. दोघांच्या डोक्यांत या शर्यतीचें वेड शिरलें. वडिलांस "गाडी जरा दुरुस्त करितों" एवढेंच सांगून आम्हीं इंजिन उघडलें, कार्ब्युरेटर मोठा बसविला, धुराची नळी बदलली. आवाज असा झाला, कीं गल्लींतील कुत्रीं पळून जात. आम्हां दोघांस धन्य वाटलें. कमानींकडे मात्र आम्हीं एकदांहि वांकून पाहिलें नाहीं. त्या दिसावयास गंजक्या व ओबडधोबड. त्यांत पाहण्यासारखें तें काय?

दिवाळीनंतरच्या एका रविवारीं पहांटे, शेंद्र्याच्या बाजूच्या एका मोकळ्या रस्त्यावर, आम्हीं गाडीची परीक्षा घेण्याचें ठरविलें. रस्ता सार्वजनिक होता. तेथें असें करणें हा गुन्हा आहे हें आम्हांस ठाऊक होतें. पहांटे कोण येतो, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. बंधु चालवीत होते. आम्ही हातांत घड्याळ घेऊन बाजूस उभे होतों. त्यांनीं इंजिन चढविलें आणि क्लच एकदम सोडला. गाडी पुढें झेपावण्याऐवजीं तिचा मागचा भाग थडथड उडूं लागला. दोनतीन वेळां तसें झालें, तोंच लोखंड तुटल्याचा एक आवाज आला आणि गाडी उजवीकडे वळून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या चरांत जाऊन पडली. बंधूंचा उजवा हात मनगटाजवळ मोडला होता. पण आम्हांस आजहि रात्रीं जी गोष्ट आठवते ती ही नव्हे. दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल दोन क्षण आधीं त्याच बाजूनें गेली होती. तो दूधवाला मागें वळून पाहत उभा राहिला व कांहीं न बोलतां निघून गेला.

वडील इस्पितळांत आले. त्यांनीं बंधूंच्या डोक्यावरून हात फिरविला, डॉक्टरांशीं बोलले, आमच्याशीं मात्र एक शब्दहि बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं गाडी ओढून आणली तेव्हां ते बॅटरी घेऊन तिच्याखालीं बराच वेळ पडून होते. बाहेर आले तेव्हां त्यांच्या तळहातावर बोटाएवढा एक मोडका बोल्ट होता. उजव्या कमानीचे पाटे एकत्र धरणारा व आंस जागेवर ठेवणारा तो मधला बोल्ट. तो तुटल्यानें आंसाची उजवी बाजू पुढें सरकली, मागचीं चाकें तिरपीं झालीं, आणि मग स्टिअरिंग कोणाच्याहि हातीं असतें तरी गाडी सरळ गेली नसती.

"हा पन्नास रुपयांचाहि नाहीं," ते म्हणाले. "तुम्ही आवाजावर हजारों खर्च केले. गाडीस जोर दिलात. तो जोर जमिनीपर्यंत कसा जाईल, हें विचारलेंत का?"

आम्हीं मान खालीं घातली. गाडी विकून टाकतों, असें आम्ही म्हणालों. वडील म्हणाले, "विकून तुम्ही काय शिकाल? नीट करा. मात्र रस्त्यावर पुन्हां असें कधीं नाहीं. आणि शर्यतीस न्यावयाची असेल तर मी सांगेन तेव्हां."

त्यानंतर ते आम्हांस रोशन गेटजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेले. सारे त्यांस उस्ताद म्हणत. त्यांनीं तुटका बोल्ट पाहिला, आमच्याकडे पाहिलें, आणि हंसून म्हणाले, "बेटा, घोडा मोठा आणलास, नाल ठोकायचे विसरलास." पुढले सहा महिने प्रत्येक रविवार आमचा त्यांच्या गॅरेजांत गेला. बंधूंचा हात गळ्यांत होता, म्हणून ते वही लिहीत.

पहिला धडा कमानीचा. चाक जमिनीस मागें रेटतें, म्हणून आंस उलट बाजूस फिरूं पाहतो व त्याचें नाक वर उचलतें. कमानीचे पाटे मऊ असले तर ते त्या पिळानें नागमोडी वांकतात. वांकतां वांकतां चाकाची पकड सुटते, कमान पुन्हां सरळ होते, चाक पुन्हां पकडतें. ही क्रिया एका क्षणांत अनेकदां झाली म्हणजे गाडी थडथडते. आमचा बोल्ट त्यानेंच मोडला. उस्तादांनीं उपाय साधा केला. आंसाच्या पुढच्या अर्ध्या भागांतील पाटे क्लिपांनीं घट्ट आवळले, मागचे मोकळे ठेवले. शिवाय चौकोनी नळीचे दोन दांडे करून ते आंसाखालीं पक्के केले. त्यांचीं पुढचीं टोकें कमानीच्या पुढच्या कडीखालीं येत व त्यांवर रबराचा ठोकळा होता. आंस फिरूं लागला कीं ठोकळा कडीस टेकतो व पीळ तेथेंच थांबतो.

दुसरा धडा वजनाचा. प्रत्येक चाकावर किती भार आहे हें पाहिल्यावांचून पुढें जाणें व्यर्थ, असें वडील म्हणाले. चार चाकांखालीं ठेवण्याचे खास कांटे आमच्यापाशीं कोठून असणार? उस्तादांच्या ओळखीनें मोंढ्यांतील एका व्यापाऱ्याकडून धान्य तोलण्याचे चार कांटे रविवारपुरते मागून आणले. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून चारी कांटे एका पातळींत आणण्यांतच सकाळ गेली. चालकाच्या जागीं बंधूंस बसवून तोललें तेव्हां पुढें उजवीकडे 262, डावीकडे 246, मागें उजवीकडे 220 व डावीकडे 232 किलो भरले, एकंदर 960.

उस्तादांनीं आंकडे पाहून मान हलविली. इंजिनापासून मागें जाणारा शाफ्ट फिरतांना मागच्या आंसासहि पिळतो. त्यानें डावें चाक दाबलें जातें व उजवें हलकें होतें. आणि साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, कीं एक चाक घसरूं लागलें कीं दुसऱ्याच्या वाट्यासहि तेवढाच थोडा जोर येतो. म्हणून उजव्या मागच्या चाकास थोडा भार आधींच देऊन ठेवावा लागतो. आम्हांस वाटलें, आतां ते उजव्या मागच्या कोपऱ्यास कांहीं लावतील. त्यांनीं लावली ती डाव्या पुढच्या स्प्रिंगखालीं, लोखंडाची एक चकती! आम्ही चकित झालों. वडिलांनीं घरीं आल्यावर देवघरांतला चौरंग काढला, त्याच्या एका पायाखालीं घडी केलेला कागद सारला आणि म्हणाले, "आतां दाबून पाहा, भार कोणत्या दोन पायांवर आहे." ज्या पायाखालीं कागद, त्यावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या पायावर. पुन्हां तोललें तेव्हां मागचें उजवें 232 व डावें 220 झालें. पुढचें उजवें 250 व डावें 258. एकंदर मात्र 960 च राहिलें. कोणतेंहि वजन न वाढवितां व न घटवितां बारा किलो भार हवा तेथें गेला. आम्हांस नानांचें पोतें आठवलें.

तिसरा धडा आमच्या पुस्तकी ज्ञानाची खोड मोडणारा होता. पुढच्या स्प्रिंगा जितक्या मऊ, तितका अधिक भार मागें जातो, असें आम्ही ठासून सांगत होतों. वडिलांनीं पाटीवर हिशेब मांडला. गाडीचें वजन 960 किलो, दोन आंसांतील अंतर सुमारें 2.34 मीटर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरला, आणि वेगवृद्धि गुरुत्वाच्या तीन दशांश. तर पुढून मागें जाणारा भार साठ किलोंहून थोडा अधिक. "यांत स्प्रिंग कोठें आहे?" त्यांनीं विचारलें. कोठेंच नव्हती. किती भार जावयाचा हें गाडीची उंची, लांबी आणि वेगवृद्धि ठरवितात. तो किती लवकर जावयाचा, आणि गेल्यावर टिकावयाचा कीं हिंदकळावयाचा, एवढेंच स्प्रिंगेच्या व शॉक ॲब्सॉर्बरच्या हातीं असतें.

मग त्यांनीं आयुष्यभर तपासलेल्या त्या नळकांड्याची गोष्ट आम्हांस प्रथमच सांगितली. स्प्रिंग धक्का सांठवून ठेवते व परत करते. नळकांड्यांतील तेल बारीक छिद्रांतून रेटलें जातें व त्या धक्क्याची उष्णता होऊन जाते. दाबतांना तेलास एक वाट, ताणतांना दुसरी. म्हणून दोन्हींचा अडसर निराळा ठेवतां येतो. आमच्या गाडीस पुढें ताणतांना सैल हवें होतें, म्हणजे नाक चटकन उचलेल. उस्ताद म्हणाले, अगदीं सैल करा. वडील म्हणाले, तितकें सैल केलें तर नाक वर जाऊन आपटेल व मागची पकड सुटेल. दोघेहि हट्टी. अखेर उस्तादांच्या आवारांत गाडीचें नाक जॅकनें उचलून सोडीत, भिंतीवर खडूच्या खुणा करीत, दोघांच्या मधलें माप निघालें. नाक एका मर्यादेवर जाऊं नये म्हणून पट्टे बांधले. एका वेळीं एकच बदल करावयाचा आणि तो वहींत लिहावयाचा, हा नियम वडिलांनीं कधींहि मोडूं दिला नाहीं. अशा शंभराहून अधिक नोंदी त्या वहींत आहेत, व पहिल्या पंधरा पानांवरील अक्षर बंधूंच्या डाव्या हातचें आहे.

पुढच्या हिंवाळ्यांत एका संस्थेनें आपल्या बंद धावपट्टीवर हौशी लोकांसाठीं दिवस ठेवला होता. शिरस्त्राण सक्तीचें, रुग्णवाहिका उभी, प्रत्येक गाडीची आधीं तपासणी. वडील म्हणाले, "आतां न्या." ते स्वतःहि आले व पट्टीच्या शेवटाकडे, दूर, एकटेच उभे राहिले.

पहिल्या फेरींत बंधूंनीं मुद्दाम जुन्या मापावर, म्हणजे चकती काढून व पट्टे सोडून, गाडी पळविली. सुरुवातीच्या साठ फुटांस 3.8 सेकंद लागले. मग आम्हीं सर्व परत लावलें. दिवा हिरवा झाला. नाक थोडें उचललें, मागचा भाग बसला आणि तसाच राहिला. थडथड नाहीं, घसर नाहीं. साठ फूट 3.5 सेकंदांत. सबंध पल्ल्यास मात्र 22 सेकंदांहून अधिक लागले, व शेजारच्या पट्टींतील एका नव्या छोट्या मोटारीनें आमचा सहज पराभव केला. लोक हंसले. एका मुलानें गाडीस 'टॅक्सी' अशी हांकहि मारली.

आम्ही वडिलांकडे धांवत गेलों. ते गाडी आली त्या रेषेकडे अजून पाहत होते. म्हणाले, "सरळ गेली." इतकेंच. त्यांचे डोळे ओले होते कीं वाऱ्यानें तसें झालें होतें, हें आम्हीं विचारलें नाहीं. वर्षापूर्वीं इस्पितळांत आमच्याशीं जें बोलणें बंद झालें होतें, तें पुरतें त्या दोन शब्दांनीं सुटलें.

आज ती पद्मिनी अंगणांत उभी आहे व सणावारीं बाहेर निघते. आपल्या शहराजवळून आतां समृद्धि महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजीं खुला झाला. रस्ता रुंद व सरळ, मोटारींस ताशीं 120 किलोमीटरची मर्यादा. तेथें आपल्या गाडीचा दम पाहावा असें ज्या तरुणांस वाटत असेल, त्यांस आमचें एकच सांगणें आहे. आमच्या रस्त्यावरूनहि कोणी जाणार नव्हतें. तरी तो दूधवाला गेलाच. तो दोन क्षण उशिरां निघाला असता तर हा लेख आम्हांस लिहितां आला नसता, व त्याच्या घरीं काय झालें असतें याचा विचार करवत नाहीं.

आणि पालकांस विनंति अशी, कीं मुलाच्या हातून असा अपराध घडला तर गाडी विकण्याची घाई करूं नये. त्यास तिच्याखालीं वांकून पाहावयास लावावें, आणि जमल्यास आपणहि शेजारीं बसावें. जोर सर्वांच्याच मुलांत असतो. तो जमिनीस नीट पोंचावा म्हणून पोतें कोठें ठेवावयाचें, हें मात्र कोणीतरी दाखवावें लागतें. आम्हांस तें एका चुलत्यांनीं, एका उस्तादांनीं आणि एका अबोल बापानें दाखविलें. नाना आतां नाहींत. वहीच्या पहिल्या पानावर, बंधूंच्या डाव्या हाताच्या वेड्यावांकड्या अक्षरांत, त्यांचे दोन शब्द आम्हीं तेव्हांच लिहवून घेतले होते, आणि तेच या लेखाच्या माथ्यावर घातले आहेत.